जुना कॉम्प्युटर घेताय? आधी विंडोजचा नंबर बघा



झेरॉक्स सेंटर टाका, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाका, सुरुवातीला सेकंड हँड कॉम्प्युटर घेण्यात काहीच चूक नाही. पण खामगावला घ्या की मलकापूरला, विकणारा "विंडोज ११ आहे" म्हणाला म्हणून लगेच पैसे काढू नका. विंडोज १० चं रूप बदलून ते ११ सारखं दाखवता येतं. खरं काय ते मशीनलाच विचारा, एक मिनिट लागतं.

१. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर सोबत दाबा. छोटी खिडकी उघडेल. त्यात सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा.

२. काळा स्क्रीन येईल. व्ही-ई-आर टाइप करून एंटर मारा. १०.०.१९०४५ असा नंबर दिसेल.

इथंच बरेच जण फसतात. विंडोज ११ मध्येसुद्धा सुरुवातीला १०.० च येतं! म्हणून तिसरा आकडा बघा. तो २२००० किंवा त्याहून जास्त असेल तर विंडोज ११. १९०४५ असेल तर विंडोज १०. सुरुवातच ६.१ ने झाली तर विंडोज ७.

३. आता 'सिस्टिमइन्फो' इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. विंडोजचं पूर्ण नाव, होम की प्रो, रॅम किती, सगळी यादी येते.

एवढा खटाटोप कशाला? विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानंतर सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट बंद. विंडोज १० साठी वेगळी नोंदणी करून थोडी मुदतवाढ मिळते, पण ती कायमची नाही. आणि तुमच्या मशीनवर तर गिऱ्हाईकाचं आधार अन् बँकेचे कागद असणार. विश्वास गेला की धंदा गेला.

विंडोज १० निघालं तर ११ वर जाता येईल का तेही बघा. त्याला टीपीएम २.०, किमान ४ जीबी रॅम आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. हे नसेल तर भाव तसाच पाडून मागा, नाहीतर सरळ दुसरं मशीन बघा.

आणि हो, सौदा ठरला की तो नंबर बिलावर लिहून घ्या. तोंडी बोलणं नंतर कोणी मान्य करत नाही.