'पिप इन्स्टॉल' केल्यावर लाल ओळींचा पाऊस का पडतो? घोळ नेमका कुठे असतो?

पायथन शिकायला बसलात. व्हिडिओत पाहून 'पिप इन्स्टॉल' लिहिलं, पुढे लायब्ररीचं नाव टाकलं, एंटर दाबलं. व्हिडिओत दहा सेकंदांत झालं होतं. तुमच्या स्क्रीनवर मात्र शंभरेक ओळींचा एरर आणि शेवटी 'व्हील बनवता आलं नाही' अशा अर्थाचं काहीतरी.

इथे अनेकजण 'कोडिंग आपलं काम नाही' म्हणून लॅपटॉप मिटतात. मी मास कॉमला असताना प्रोजेक्टच्या आदल्या रात्री पायथन तीनदा काढून पुन्हा टाकलं होतं. उपयोग शून्य, कारण दरवेळी तेच व्हर्जन टाकत होते.

मुळात होतं काय? पायथनचा कोड लिहिला की लगेच चालवता येतो. पण अनेक लायब्ररींचा वेग लागणारा भाग सी भाषेत लिहिलेला असतो आणि तो तुमच्या मशीनसाठी आधी कम्पाइल व्हावा लागतो. लायब्ररी बनवणारे बहुतेकदा हे काम करूनच तयार फाइल ठेवतात. तिचं नाव 'व्हील'. हा झाला तयार डबा. डबा मिळाला नाही, तर पिप कोरडा शिधा आणून ठेवतो आणि तुमच्याच घरी स्वयंपाक करायला घेतो. घरात गॅसच नसेल, म्हणजे कम्पायलर नसेल, तर एरर येणारच.

डबा का मिळत नाही? बऱ्याचदा तुमचं पायथन जास्तच नवीन असतं. २०२० पासून दर ऑक्टोबरमध्ये नवं व्हर्जन येतं, ३.१३ आलं ऑक्टोबर २०२४ मध्ये. प्रत्येक लायब्ररीचं व्हील त्याच दिवशी तयार नसतं. म्हणून आधी पिप अपडेट करा, कारण जुन्या पिपला नव्या प्रकारची व्हील्स ओळखता येत नाहीत. तरी जमलं नाही, तर एक व्हर्जन मागचं पायथन घेऊन वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवा. निम्म्या लोकांचं काम इथेच होईल, असं मला वाटतं.

नाही झालं? मग शेवटची ओळ सोडा, वर जा आणि 'एरर' शब्द पहिल्यांदा कुठे आलाय ते शोधा. खालचा बहुतेक गोंधळ त्याचाच परिणाम असतो.

तिथे 'पायथन डॉट एच' फाइल सापडत नाही असं असेल, तर उबुंटूवर 'पायथन३-डेव्ह' हे पॅकेज टाका. फेडोरावर त्याचं नाव 'पायथन३-डेव्हल'. 'डिस्टयुटिल्स' सापडत नसेल, तर ते ३.१२ पासून पायथनमधून काढून टाकलंय. लायब्ररीचं नवं व्हर्जन आहे का बघा.

विंडोजवर 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४ हवं' असा मेसेज येतो आणि लोक 'रिडिस्ट्रिब्युटेबल' डाउनलोड करून बसतात. ते फक्त तयार प्रोग्रॅम चालवायला लागतं. कम्पाइल करायला 'बिल्ड टूल्स' हवीत आणि ती टाकताना सी प्लस प्लसच्या डेस्कटॉप डेव्हलपमेंटवर टिक करावी लागते. डाउनलोड काही जीबींचं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरू करू नका.

'सायकोपीजी२' टाकताना 'पीजी कॉन्फिग' सापडत नाही, हाही नेहमीचाच एरर. शिकण्यापुरतं हवं असेल, तर नावापुढे 'बायनरी' जोडलेलं पॅकेज घ्या, तो तयार डबाच आहे.

एवढ्यावरही अडलात, तर मदत मागताना शेवटच्या ओळीचा फोटो टाकू नका. तो पहिला एरर कॉपी करा आणि सोबत पायथनचं व्हर्जन व ऑपरेटिंग सिस्टीम लिहा.