बँजोच्या पाचव्या तारेचे सुख

'बँजो' म्हटले की मुंबईकरांना गणेशोत्सवातील मिरवणुका आणि बँजो पार्ट्या आठवतात. ते वाद्य म्हणजे कळांचे बुलबुलतरंग. अमेरिकेतील बँजोचे कूळ मात्र निराळे आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून केलेल्या तंतुवाद्यांतून तो घडला. पुढे अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागात फिडलच्या जोडीने नृत्याच्या धुना वाजवू लागला. हीच परंपरा आज 'ओल्ड-टाइम' या नावाने ओळखली जाते.

या बँजोचे शिक्षण उजव्या हातापासून सुरू होते. 'क्लॉहॅमर' पद्धतीत बोटे पंजासारखी वळवून नखाने तारेवर वरून खाली आघात करतात. प्रथम एका तारेवर स्वर, मग अनेक तारांवरून एक फटका आणि त्याला लागूनच अंगठ्याने छेडलेली पाचवी तार. ही तार आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या मध्येच बसवलेली असते. धून कोणतीही असो, ही तार आपला एकच स्वर धरून राहते. सतारीची चिकारी ठाऊक असलेल्यांना तिचे काम लगेच उमगेल. सुरुवातीला हात अडखळतो, अंगठा मागे पडतो. परंतु सावकाश सराव केल्यास मनगट आपसूक चालू लागते आणि साध्या दोन-चार स्वरांनाही नृत्याची लय लाभते.

खरा आनंद आहे तो बैठकीत. १९४५च्या सुमारास अर्ल स्क्रग्ज यांनी गाजवलेल्या ब्लूग्रास शैलीत वादक आळीपाळीने आपले कौशल्य दाखवतात. ओल्ड-टाइममध्ये सारे वर्तुळात बसून एकच धून पुन्हापुन्हा वाजवतात. त्यामुळे धून पूर्ण न येणारा नवशिकाही ताल धरून त्यात सामील होऊ शकतो आणि ऐकता ऐकता शिकतो.

या शिकण्याला इतिहासाचीही किनार आहे. विसाव्या शतकात बँजो ही गोऱ्यांचीच मिरास मानली जाऊ लागली. २००५ साली नॉर्थ कॅरोलिनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोपरंपरेवर मेळावा भरला. तेथून पुढे आलेल्या 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स'च्या तरुण वादकांनी वृद्ध फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या घरी बसून जुन्या धुना आत्मसात केल्या. थॉम्पसन २०१२ मध्ये निवर्तले. त्यांच्या धुना मात्र पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचल्या होत्या.