समीकरण म्हणजे जमाखर्च

माध्यमिक शाळेंत शिकणाऱ्या मुलांना रसायनशास्त्राची जी भीति वाटते, ती बहुधा प्रयोगांची नसून समीकरणांची असते. चंबूंतील द्रावणाचा रंग पालटला कीं त्यांना आनंद होतो. परंतु वहींत समीकरण मांडावयाची वेळ आली म्हणजे तीं पाठांतराकडे वळतात. घरांतील वडील माणसांनीं येथें थोडें लक्ष घालावें. त्यासाठीं रसायनशास्त्र अवगत असलेंच पाहिजे असें नाहीं. घरचा जमाखर्च लिहितां येत असला म्हणजे पुरे.

फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यानें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हेंच तत्त्व सांगितलें आहे: रासायनिक क्रियेंत द्रव्य नवें निर्माण होत नाहीं व नाहींसेंहि होत नाहीं. डाव्या बाजूस जितके अणु, तितकेच उजव्या बाजूस भरले पाहिजेत.

आम्ल व आम्लारि यांपासून क्षार व पाणी होतें, हें वाक्य मुलांना तोंडपाठ असतें. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एका रेणूस सोडियम हायड्रॉक्साइडचा एक रेणु पुरतो. पण सल्फ्यूरिक आम्लाच्या रेणूंत देण्याजोगे हायड्रोजन दोन असतात. म्हणून तेथें समीकरण असें होतें:

१ सल्फ्यूरिक आम्ल + २ सोडियम हायड्रॉक्साइड = १ सोडियम सल्फेट + २ पाणी

आम्लारीमागील हा '२' विसरल्यानें काय बिघडतें तें पाहा. या आम्लाच्या १० घन सेंटिमीटर द्रावणास ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचें २० घन सेंटिमीटर द्रावण लागलें, तर आम्ल ०.१ मोलर ठरतें. '२' गाळला तर तेंच ०.२ मोलर, म्हणजे दुप्पट, ठरेल. ब्युरेट अचूक वाचूनहि उत्तर चुकलें!

याहून मौजेची गोष्ट धुण्याच्या सोड्याची, म्हणजे सोडियम कार्बोनेटची. त्याच्या द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडीत गेल्यास फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग अर्ध्या वाटेवरच जातो. तेथवर त्याच्या एका रेणूस आम्लाचा एकच रेणु लागतो, व मीठ आणि खाण्याचा सोडा तयार होतो. मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग मात्र आम्लाचा दुसरा रेणु खर्ची पडेपर्यंत टिकतो. तोंवर खाण्याच्या सोड्याचेंहि मीठ, पाणी व कार्बन डायऑक्साइड झालेलें असतें. चंबू एकच, पण दर्शक कोणता वापरला यावर मांडावयाचें समीकरण ठरतें. नुसतें पाठांतर येथें फसतें.

तेव्हां मुलाची वा मुलीची वही हातीं आली म्हणजे उत्तर बरोबर आहे कीं नाहीं एवढेंच न पाहतां, 'हा आंकडा येथें कां आला?' असें विचारावें. तें कारण स्वतःच्या शब्दांत सांगतां आलें, म्हणजे परीक्षेंत प्रश्न फिरवून घातला तरी मूल अडणार नाहीं.