धंदा सुरू केला, आता घराच्या कर्जाचे काय?

स्वतःच्या नावावरचे घर ही आपल्या समाजाला सहजासहजी मिळालेली गोष्ट नाही. आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले, वडिलांनी चाळीत नाहीतर झोपडपट्टीत दिवस काढले. पुढच्या पिढीने पगाराच्या जोरावर कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या. आता कुणाची कंपनी बंद पडते, तर कुणी आपणहून नोकरी सोडून वायरिंगची कामे, शिवणकाम, जेवणाचे डबे असा स्वतंत्र व्यवसाय करतो. कमाई पगाराइतकी होते, कधी जास्तही. पण कमी व्याजाच्या बँकेत कर्ज वळवायला गेले की उत्तर मिळते, "तुमचे उत्पन्न दिसत नाही."

बँकेला घाम दिसत नाही, कागद दिसतो. नोकरदाराचा कागद मालक तयार करतो. धंदेवाल्याला तो स्वतःच तयार करावा लागतो.

उत्पन्न लपवले तर कर्ज अडते

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडून बँका बहुधा दोन ते तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि खात्याचे उतारे मागतात. लहान धंद्यांना आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. पुष्कळजण तेवढाच दाखवतात. समजा, वर्षाची उलाढाल १० लाख रुपये आणि दाखवलेला नफा ८० हजार. घराचा हप्ता मात्र वर्षाला दीड लाख. अशा माणसाला कोणती बँक कर्ज देईल? ८ टक्के ही किमान मर्यादा आहे. खरा नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवावा. ते कायद्याला धरून आहे आणि आपल्या हिताचेही आहे.

म्हणून रोजची रोकड डब्यात न ठेवता खात्यात भरावी. धंद्याचे खाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे. विवरणपत्र दरवर्षी मुदतीत भरावे. लघुउद्योगांची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती मोफत होते, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

आधी आपल्याच बँकेत जा

हप्ते वेळेवर जात असतील तर केवळ नोकरी सुटली म्हणून बँक सहसा कर्ज परत मागत नाही. हप्ता पगाराच्या खात्यातून कापला जात असेल, तर ते खाते रिकामे पडण्याआधी दुसऱ्या खात्यातून व्यवस्था करावी. एक हप्ता चुकला तरी त्याची नोंद पुढे नडते.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरासाठीच्या नव्या बदलत्या व्याजाच्या कर्जाचा दर रेपो दरासारख्या बाहेरच्या निकषाला जोडावा लागतो. आपले कर्ज त्याआधीचे असेल, तर व्याजदर नव्या पद्धतीत बदलून देण्याचा लेखी अर्ज आपल्याच बँकेत करावा. थोडे शुल्क पडेल, पण सारी कागदपत्रे नव्याने काढण्याचा त्रास वाचेल.

वळवण्याआधी हिशेब मांडा

समजा, १२ लाख कर्ज बाकी आहे, मुदत १५ वर्षे आणि व्याज साडेनऊ टक्के. हप्ता सुमारे १२,५३१ रुपये येतो. साडेआठ टक्क्यांनी तो ११,८१७ होतो. महिन्याला ७१४ रुपये वाचतात. नव्या बँकेचे शुल्क, वकील, मूल्यांकन आणि मुद्रांक मिळून १८ हजार खर्च आला, तर तो भरून निघायला दोन वर्षांहून थोडे अधिक लागतात. त्यानंतर खरा फायदा सुरू होतो.

येथे एक फसगत होते. नवी बँक मुदत पुन्हा २० वर्षे करून देते. हप्ता १०,४१४ वर येतो आणि घरात आनंद होतो. पण शेवटपर्यंतचा हिशेब केला तर व्याज कमी असूनही सुमारे २ लाख ४३ हजार रुपये जास्त जातात. मुदत वाढू देऊ नका. सोबत मिळणारे वाढीव कर्ज लग्नकार्यासाठी घेऊ नका.

व्यक्तीच्या नावावरील, बदलत्या व्याजाच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेला दंड घेता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत मिळालेच पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे.

पत्नी नोकरी करीत असेल, तर तिला सहकर्जदार केल्याने अर्जाला बळ मिळते. पण नुसते सहकर्जदार होऊन घरावर हक्क येत नाही. बोजा तिच्या डोक्यावर ठेवायचा, तर घराच्या कागदावरही तिचे नाव हवे. स्त्रियांच्या हक्कांच्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडले, हे आपण विसरू नये.

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक संकटकाळासाठी. ज्याचा पगार ठरलेल्या तारखेला येत नाही, त्याने तो चौथा भाग आधी बाजूला काढावा. निदान सहा हप्ते पुरतील एवढी रक्कम खात्यात असू द्यावी. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांमध्ये 'अनणसुख', म्हणजे कर्ज नसल्याचे सुख, हेही एक आहे. आपल्या घराचे कागद आपल्या कपाटात परत येतील, त्या दिवशी ते सुख आपल्याही वाट्याला येईल.