कंबरेतून पायात जाणारी कळ: सायटिका म्हणजे काय आणि घाबरायचं कधी?

घाटकोपरला मेट्रो सोडून लोकलकडे जिना उतरताना कंबरेत चमक येते. ‘उसण भरली असेल’ म्हणून बाम लावला जातो. दोन दिवसांनी दुखणं कंबरेत न थांबता मांडीच्या मागून पोटरीत उतरतं. मग कुणी म्हणतं नस दबली, कुणी म्हणतं गादी सरकली. एमआरआय होतो आणि रिपोर्ट वाचून वाटतं, आता ऑपरेशनच! बहुतेकांना ते लागत नाही. मात्र काही लक्षणांमध्ये एक रात्र थांबणंही महागात पडतं.

उसण आणि सायटिकात फरक काय?

उसण भरते तेव्हा स्नायू आखडतात आणि दुखणं कंबरेभोवतीच राहतं. सायटिकात नसेचं मूळ दुखावलेलं असतं. सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस. कण्याच्या खालच्या भागातून निघणारी पाच मुळं एकत्र येऊन ती बनते आणि नितंबातून मांडीमागून खाली जाते. तिचे फाटे पावलापर्यंत पोहोचतात. म्हणून बिघाड कंबरेत असतो आणि कळ पोटरीत किंवा अंगठ्यात जाणवते. बहुतेक वेळा एकच पाय दुखतो. मुंग्या येतात, खोकताना-शिंकताना कळ वाढते.

गादी सरकते म्हणजे काय होतं?

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गाभा असतो. कडं फाटलं की गाभा बाहेर येतो आणि नसेच्या मुळावर दाब व सूज येते. बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या सर्जननी हा संबंध १९३४ साली मांडला. दिलासा असा, की बाहेर आलेला गाभा अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेतं. त्यामुळे बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत बरंच कमी होतं.

मग एमआरआय लगेच काढावा का?

धोक्याची लक्षणं नसतील तर सहसा गरज नसते. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहिलं म्हणून दुखण्याचं कारण तेच, असं नाही. डॉक्टर पाय सरळ उचलून बघतात, ताकद आणि संवेदना तपासतात, ते जास्त महत्त्वाचं.

उपचार काय?

पडून राहणं हा उपाय नाही. नेदरलँड्समधल्या १९९९ च्या अभ्यासात दोन आठवडे अंथरुणावर राहिलेल्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. झेपेल तेवढं चालावं, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. मुंबईत मिळालेली सीट सोडणं जिवावर येतं, पण बसून कळ वाढत असेल तर बोरिवली ते अंधेरी प्रवासातही मध्ये उभं राहिलेलं बरं.

नसेच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन हे औषध सर्रास दिलं जातं. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सायटिकासाठी ते नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. तरीही चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावं.

ऑपरेशन कधी?

सहा आठवड्यांनंतरही कळ असह्य असेल किंवा पायातली ताकद कमी होत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. नेदरलँड्समध्येच २८३ रुग्णांवर झालेल्या २००७ च्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर मिळाला. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. अर्थात, थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांनाही पुढे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे घाई नको, पण हट्टही नको.

एक रात्रही थांबू नये, अशी लक्षणं कोणती?

• लघवी अडणं, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं
• जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा
• दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा
• पाऊल वर उचलता न येणं, चालताना चप्पल निसटणं

पहिल्या तीन लक्षणांत कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दबलेला असू शकतो. तो वेळेत मोकळा केला नाही तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पाठदुखीसोबत ताप असेल, आधी कॅन्सर झालेला असेल किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तरीही डॉक्टरांना लगेच दाखवावं.

अशा वेळी ओपीडीच्या नंबरची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावं. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांपैकी अंधेरी-बोरिवलीकरांना विलेपार्ल्याचं कूपर आणि घाटकोपर-मुलुंडकरांना सायन रुग्णालय जवळ पडतं. तिथे पोहोचल्यावर ‘पाय दुखतोय’ एवढंच सांगू नका. लघवी शेवटची कधी झाली आणि बधिरपणा कुठे आहे, हे आधी सांगा.