सात उड्डाणं, एक इंजिन

फेब्रुवारी 1996. ‘कोलंबिया’ यानातून एक उपग्रह तारेला बांधून बाहेर सोडला जात होता. तारेची ठरलेली लांबी वीस किलोमीटरहून अधिक. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने ही वीजवाहक तार पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कापत गेली की तिच्यात विद्युतदाब निर्माण होणार आणि भोवतीचा विरळ प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, विद्युत मंडल पूर्ण करणार, असा हिशेब होता. तो बरोबर निघाला. दाब साडेतीन हजार व्होल्टपर्यंत चढला! पण 19.7 किलोमीटर तार सुटली असताना वेष्टनातल्या दोषापाशी ठिणगी पडली, तार जळून तुटली आणि उपग्रह निसटला.

यानात या प्रयोगाची सूत्रं फ्रँकलिन चांग-डियाझ यांच्याकडे होती. अंतराळवीर म्हटलं की लढाऊ विमानाचा वैमानिक डोळ्यांपुढे येतो. यांचा तर विषयच प्लाझ्मा.

कोस्टारिकात 1950 साली जन्मलेले चांग-डियाझ 1968 मध्ये 50 डॉलर घेऊन अमेरिकेत आले, तेव्हा त्यांना इंग्रजी येत नव्हतं. 1977 मध्ये ते एमआयटीतून प्लाझ्मा भौतिकीत डॉक्टरेट झाले आणि 1980 मध्ये नासाने त्यांना निवडलं. जानेवारी 1986 मध्ये ते पहिल्या सफरीवरून परतले, त्यानंतर दहाच दिवसांत ‘चॅलेंजर’ यानाचा अपघात झाला. तरीही ते पुढे सहा वेळा गेले. 1989 मध्ये त्यांच्याच चमूने ‘गॅलिलिओ’ यानाला गुरूच्या वाटेला लावलं. 2002 च्या सातव्या सफरीत त्यांनी तीन स्पेसवॉक केले आणि अंतराळवीर जेरी रॉस यांच्या सात उड्डाणांच्या विक्रमाशी बरोबरी साधली.

या धावपळीत त्यांनी एक इंजिन मात्र सोडलं नाही: ‘वासिमर’. त्यात रेडिओलहरी आर्गॉन वायूचा प्लाझ्मा करतात, तो आणखी तापवतात, आणि चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतींना शिवू न देता मागे फेकतं. 2005 मध्ये नासा सोडून त्यांनी यासाठी ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ कंपनी सुरू केली. इंजिनाचा रेटा किती? 200 किलोवॅट वीज खाऊन सुमारे 5.7 न्यूटन, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीच्या वजनाहून किंचित जास्त. रॉकेटला हा जमिनीवरून तसूभरही उचलणार नाही. पण निर्वातात महिनोन्‌महिने मिळत राहिला तर वेग साठत जातो.

मंगळ 39 दिवसांत गाठण्याचा त्यांचा दावा मात्र जपूनच घ्यावा. त्यासाठी सुमारे 200 मेगावॅटची हलकी अणुभट्टी लागेल, आणि तशी भट्टी कुणाकडेही नाही. मंगळमोहिमांचे पुरस्कर्ते अभियंते रॉबर्ट झुब्रिन यांनी यावरच टीकेची झोड उठवली, ती रास्त आहे. 2021 मध्ये टेक्सासमधल्या निर्वात टाकीत हे इंजिन 80 किलोवॅटवर सलग 88 तास चाललं. अंतराळात त्याची चाचणी अजून व्हायची आहे.