तीन संगम आणि लहान मुलें

सुटी लागली कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : मुलांना घेऊन कोठें जावें? आणि बहुधा बेत असा ठरतो कीं, एका दिवसांत जितकीं ठिकाणें उरकतील तितकीं उरकावींत. पहाटे निघावयाचें, सकाळीं सज्जनगड, दुपारीं ठोसेघर, ऊन उतरण्यापूर्वीं कासचें पठार आणि रात्रीं परत. मोठ्या माणसांच्या हिशोबीं सहल यशस्वी झाली. पण दुसऱ्या दिवशीं घरांतल्या पांच वर्षांच्या मुलाला काय पाहिलें म्हणून विचारा. तें सांगतें, "गाडींत मला उलटी झाली आणि एक माकड होतें." यांत मुलाचा दोष नाहीं. मोठीं माणसें ठिकाणें मोजतात; मूल एकाच गोष्टीपाशीं थांबून ती पुनःपुन्हां पाहतें. सहल मुलासाठीं असेल तर माप मुलाचें घ्यावें.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतल्या पालकांना अशा मापाची एक सहल सुचवावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु. हे दोन्ही पूर्वीं एकच जिल्हा होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. कागदावर वाटणी झाली तरी कृष्णामाई दोघांच्या अंगणांतून वाहते. या वाटेवर तिला माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना आणि हरिपुरास वारणा भेटते. तीन संगम, तीन दिवस, आणि तेही लागोपाठ नव्हेत. एका सुटींत एक पाहिला तरी पुरे. गडावरचा इतिहास समजण्यास वय लागतें, पण दोन पाणीं एक होतात हें चार वर्षांच्या मुलालाही डोळ्यांनीं कळतें.

मूल प्रथम विचारील कीं, या नद्या येतात कोठून? याचें उत्तर कौलारू घराच्या छपरावर आहे. पाऊस एकच, पण आढ्याच्या एका बाजूचा थेंब अंगणांत पडतो आणि दुसऱ्या बाजूचा परसांत. सह्याद्रि हें असेंच एक आढें आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर पडलेल्या पाण्यापैकीं सावित्री पश्चिमेस कोंकणांत उतरते. कृष्णा वाईच्या खोऱ्यांतून आणि वेण्णा मेढ्याच्या खोऱ्यांतून देशावर येते. कोयना प्रथम दक्षिणेकडे धांवते, हेळवाकपाशीं काटकोनांत वळते आणि पाटणावरून कऱ्हाड गांठते. म्हणजे कृष्णा, वेण्णा आणि कोयना या एकाच माहेरच्या बहिणी. निघण्याच्या आदल्या दिवशीं अंगणांत ओल्या वाळूचा ढीग करून त्याच्या माथ्यावर तांब्याभर पाणी ओता. ओघळ कसे फुटतात आणि खालीं कांहीं पुन्हां कसे मिळतात, हें मुलांना दाखवा. निम्मा भूगोल तेथेंच होतो.

पहिला संगम माहुलीचा. हें ठिकाण सातारा शहराच्या पूर्वेस सुमारें ५ किलोमीटरांवर आहे. काळ्या दगडाचे घाट, विश्वेश्वराचें देऊळ आणि समोर दोन प्रवाह. मुलांना पायरीवर बसवून एकच काम सांगावें : एक पाणी कोठें संपतें आणि दुसरें कोठें सुरू होतें तें शोधा. एक नदी गढूळ आणि दुसरी निवळ असली कीं दोन रंगांचे पट्टे कांहीं अंतर शेजारीं शेजारीं चालतांना दिसतात. दोन्ही प्रवाहांचा वेग आणि त्यांतला गाळ सारखा नसतो, म्हणून मिसळण्यास वेळ लागतो. येथेंच शाहूमहाराजांच्या लाडक्या कुत्र्याची म्हणून एक समाधि दाखविली जाते. मुलें देवळापेक्षां तिच्यापाशीं अधिक रमतात, रमूं द्यावींत. माहुली हें रामशास्त्री प्रभुण्यांचें गांव. भर दरबारांत राघोबादादांना दोषी ठरविणाऱ्या या न्यायाधीशाची गोष्ट घाटावर बसून सांगावी.

माझ्या शाळेंतल्या एका मुलीनें माहुलीस विचारलें होतें, "गुरुजी, दोघी मिळाल्या, मग नांव एकटीचेंच कां राहिलें?" प्रश्न मोठा आहे. नांव देणें ही माणसांची रीत आहे. पाणी मात्र दोघींचें असतें. हें उत्तर तिला पटलें कीं नाहीं कोण जाणे, पण पुढें नकाशावर प्रत्येक नदीला कोण येऊन मिळालें तें ती शोधूं लागली.

दुसरा संगम कऱ्हाडचा. सातारा ते कऱ्हाड हें अंतर सुमारें ५० किलोमीटर आहे. मोटारीपेक्षां आगगाडीनें गेल्यास मुलांना खिडकी मिळते आणि पाय मोकळे करण्यास जागाही मिळते. कऱ्हाडचें स्टेशन ओगलेवाडीस, गांवापासून थोडें दूर आहे. ओगल्यांच्या काचकारखान्यामुळें आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलामुळें हें नांव आजोबांना ठाऊक असेल. कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येतात आणि मग दोघी मिळून पूर्वेस वळतात. दोन माणसें धांवत येऊन एकमेकांस भेटलीं म्हणजे क्षणभर थबकतात, तसें पाणीही येथें थबकतें आणि हातांतला गाळ खालीं ठेवतें; म्हणून नदीकांठीं वाळू सांठते. याला प्रीतिसंगम म्हणतात. १९८४ सालीं निधन पावलेले यशवंतराव चव्हाण यांची समाधि येथेंच आहे. मोठ्या मुलांना आणखी एक नवल सांगावें. वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं असें आपण म्हणतों. पण कोयनेचें पुष्कळसें पाणी धरणांत अडवून, डोंगराच्या पोटांतल्या बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे नेलें आहे आणि त्यावर वीज होते. पूर्वेस जाणारी बहीण अर्धी कोंकणांत गेली!

तिसरा संगम सांगलीजवळच्या हरिपुरास. आधीं सांगलींत १९२९ सालीं झालेला आयर्विन पूल दाखवावा. येथें पाण्याची उंची फुटांत मोजतात आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें होतें. पुलावर उभें राहून, खालचें शांत पाणी आपल्या पायांच्या दिशेनें किती चढलें असेल याची कल्पना मुलांना करूं द्यावी. नदी म्हणजे केवळ चित्रांतली निळी रेघ नव्हे हें त्यांना उमगतें. पुढें हरिपुरास संगमेश्वराचें देऊळ आणि वारणेची भेट. हें 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचें गांव. हळद सांठविण्याच्या जमिनींतल्या पेवांसाठींही हें प्रसिद्ध होतें. २००५ च्या महापुरांत या पेवांची मोठी हानि झाली. जमिनीखालीं हळदीचें कोठार, ही कल्पनाच मुलांना गोष्टींतल्या भुयारासारखी वाटते.

आतां जें सांगण्यासाठीं मी मुख्यतः आलों तें सांगतों. नदी जितकी आवडती, तितकीच तिची शिस्त कडक असली पाहिजे. संगमापाशीं दोन प्रवाह एकमेकांवर आदळून तळ खरवडतात. त्यामुळें घोट्याएवढ्या पाण्यापुढें एका पावलावर डोह असूं शकतो. शिवाय तिन्ही संगमांच्या वर धरणें आहेत : कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, कोयनेवर कोयना आणि वारणेवर चांदोली. वर पाणी सोडलें कीं खालीं आकाश निरभ्र असतांनाही पातळी वाढते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं. तोंड पाण्याशीं आलें कीं श्वासच पुरत नाहीं, मग हांक कोठून निघणार? मोठीं माणसें दहा पावलांवर गप्पा मारीत असतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत, आवाज न होतां, सारें संपतें.

म्हणून नियम थोडे पण न मोडणारे ठेवावे. एका मोठ्या माणसानें दुसरें कांहींही न करतां मुलांकडेच पाहत बसावें. त्याच्या हातांत मोबाईल नसावा, पुढ्यांत डबाही नसावा. अर्ध्या तासानें दुसऱ्यानें त्याची जागा घ्यावी. लहान मुलांनीं घाटाच्या पायरीवरच, मोठ्यांचा हात धरून, घोट्यापर्यंत पाय भिजवावे. पाण्याची खबर घाटावरच्या लोकांना आधीं विचारावी. कोणी पडलेंच तर पोहतां न येणाऱ्यानें उडी घेऊं नये. दोर, साडी, धोतर किंवा झांकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेंकावा. असा दोर आणि कॅन शिदोरीबरोबरच पिशवींत घालावा. पावसाळ्यांत तर घाटावर उतरूंच नये, दुरून पाहावें.

काळ म्हणाल तर दिवाळीची सुटी आणि त्यापुढची थंडी उत्तम. वैशाखांत घाटाचे दगड पाय पोळतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घरचें पाणी बरोबर घ्यावें. येतांना साताऱ्याहून कंदी पेढे किंवा सांगलीहून भडंग आणावें, म्हणजे आजीलाही सहल पोहोंचते. दुपारीं मुलांना सावलींत झोपूं द्यावें. त्या एका तासांत आपलें एखादें ठिकाण बुडेल, पण मुलांची संध्याकाळ वांचेल.

घरीं आल्यावर निबंध लिहावयास सांगूं नका. एक कोरा कागद द्या आणि नदी काढ म्हणा. पहिल्या वर्षीं दोन रेघा येतील, पुढल्या वर्षीं तीन. मूल दहा वर्षांचें होईल तोंवर महाबळेश्वरापासून हरिपुरापर्यंतची कृष्णा त्याच्या हातांत बसलेली असेल.